गुन्ह्याचं गिऱ्हाईक



या व्याख्यानाचं निमंत्रण द्यायला मंडळी आली तेव्हा त्यांनी विषय सुचवला होता, ‘महानगरातील दारिद्र्य आणि गुन्हेगारी’. एवढा विषय तासाभरात उरकायचा तर एक तर आकडे वाचून दाखवावे लागतात, नाहीतर हळहळ व्यक्त करावी लागते. दोन्ही मला जमत नाही. म्हणून मी सगळं महानगर बाजूला ठेवून एका भागापुरतं बोलणार आहे. भायखळ्यापासून दादरच्या अलीकडेपर्यंत आणि शिवडीपासून वरळीपर्यंत पसरलेलं आपलं गिरणगाव. लालबाग, परळ, चिंचपोकळी, डिलाइल रोड. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांची नाळ तिथे पुरलेली असेल.

गिरणगावची एक गोष्ट आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. १९८२ ला संप झाला, संप फसला, गिरण्या बंद पडल्या, घरात खायला नव्हतं, आणि पोरं गँगमध्ये गेली. सिनेमात ही गोष्ट आहे, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आहे, नाक्यावरच्या गप्पांत तर आहेच. खोटी आहे का? नाही. पण अर्धी आहे. आणि जी अर्धी सांगितली जात नाही, पैसा सगळा तिच्यात आहे.

आज मला तीन गोष्टींबद्दल बोलायचं आहे. गिरणगावात दादा केव्हापासून होता, हे पहिलं. संपानंतरची उपासमार नेमकी कुणी निभावली, हे दुसरं. आणि तिसरं, ज्यावर मी जास्त वेळ घेणार आहे: त्या पोरांच्या हातात हत्यार आलं, पण त्याचे पैसे कोण देत होतं?

सुरुवात थोडी मागून करतो. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला सूतगिरणीची कंपनी काढली. तिथून पुढे सव्वाशे वर्षांत हा सगळा पट्टा चिमण्यांनी भरून गेला. संपाच्या वेळी साठाच्या आसपास गिरण्या होत्या आणि कामगार सुमारे अडीच लाख. ही माणसं आली कुठून? रत्नागिरीतून, आजच्या सिंधुदुर्गातून, साताऱ्या-कोल्हापूरकडून, पुढे उत्तर प्रदेशातून. बायकापोरं गावी, पुरुष मुंबईत. गावकऱ्यांनी मिळून गाळा घ्यायचा. दहा बाय बाराची खोली, तिच्यात पंधरा-वीस माणसं, कधी त्याहून जास्त. भिंतीला खिळे, खिळ्याला पिशव्या, माळ्यावर ट्रंका, आणि वळकट्या एकीवर एक. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर अंग टाकायचा. खोलीला कुलूप लागायचंच नाही, कारण आत कुणीतरी कायम झोपलेलं असायचं.

आता हा गाळा म्हणजे नुसती गरिबी होती का? पगार कमी, जागा अपुरी, सार्वजनिक नळ, मजल्याच्या टोकाला संडास, म्हणजे आजच्या कुठल्याही मोजपट्टीने गरिबीच. पण गावाहून आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला त्या गाळ्यात जागा मिळायची, खाणावळीत उधारीवर जेवण मिळायचं, आणि काका किंवा मामा त्याला गिरणीच्या गेटवर घेऊन जायचा. तिथे बदलीची रांग. कुणी खाड्यावर असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम. जॉबर, म्हणजे मुकादम, रांगेकडे बघायचा, बोट दाखवायचा, आणि बाकीचे पास खिशात घालून परत यायचे. हे वर्षानुवर्षं चालायचं. पाच वर्षं, दहा वर्षं. अपमानाचं होतं, जॉबरचे हात ओले करावे लागत, सगळं खरं. तरी त्या पोराला एक गोष्ट ठाऊक असायची: आज ना उद्या आपण परमनंट होणार. लग्न ठरवताना मुलीकडचे विचारायचे, ‘मुलगा गिरणीत आहे का?’ आणि ‘बदलीत आहे’ या उत्तरावरसुद्धा लग्नं जमायची.

जुन्या दिवसांचे गोडवे गाणारी मंडळी एक गोष्ट विसरतात, तीही इथे सांगून टाकतो. साचेखात्यात, म्हणजे विणकामाला, पगार जास्त. पण तिथे अस्पृश्य समाजाच्या माणसाला घेत नसत. कारण काय? धोट्यातली कांडी बदलली की धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि एकाच्या ओठाला लागलेला धोटा दुसरा ओठाला लावणार नाही! बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपकाळात हा प्रश्न लावून धरला. लाल बावट्याच्या युनियनला तो सहजासहजी पचला नाही. बायकांचंही तेच. १९२० च्या दशकात दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. पुढे त्यांना पद्धतशीरपणे बाहेर काढण्यात आलं. तेव्हा गिरणगाव म्हणजे सगळे एका ताटात जेवत होते, असा समज असेल तर तो सोडून द्या.

आणि दादा? दादा पहिल्यापासून होता. १९२०-३० च्या काळातही होता. आखाडा त्याचा, तालीम त्याची, मोहरमच्या ताबुतापुढे आणि गणपतीपुढे मेळा त्याचा. संप फोडायला मालक त्याला बोलवायचे आणि संप टिकवायला कधीकधी युनियनही त्याच्याच दारात जायची. उसनवारी, भाडं, भांडण, पळून गेलेली मुलगी, सगळ्याचा निवाडा तो करायचा. पण दादाचा रुबाब चालायचा तो नोकरदार माणसांत. ज्यांना उद्या सकाळी सातच्या भोंग्याला कामावर जायचं आहे अशा लोकांत. त्यामुळे त्याच्या धंद्याला एक मर्यादा होती.

दारूचं आणि आकड्याचं तर गिरणीशी नातं फार जवळचं. १९५० च्या सुमारास मुंबईत पूर्ण दारूबंदी आली आणि हातभट्टीला सोन्याचे दिवस आले. मटक्याचं बघा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला उघडता भाव आणि बंद होतानाचा भाव तारेने मुंबईत यायचा, आणि त्या आकड्यांवर इथे पैसे लागायचे. ते भाव यायचे बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीला स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली, दोन वर्षांनी रतन खत्रींनी आपला वेगळा. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द आजही त्या कापसाच्या भावाचेच आहेत. म्हणजे दिवसभर ज्या कापसाचं सूत काढायचं, संध्याकाळी त्याच कापसाच्या भावावर चार आणे लावायचे. गिरणगावच्या गुन्हेगारीचं पहिलं मोठं गिऱ्हाईक खुद्द पगारदार कामगार होता. पगार नसता तर मटका चाललाच नसता. गरिबीमुळे गुन्हा होतो म्हणणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

राजकीय हिंसाही संपाच्या आधीची. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून ५ जून १९७० ला लालबागेत झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या, आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. विधानसभेत गेलेले सेनेचे ते पहिले आमदार. वरळीच्या बीडीडी चाळीत दंगल झाली ती १९७४ मध्ये. १९८२ चा संप तेव्हा अजून व्हायचाच होता!

आणखी एक तारीख लक्षात ठेवा. ११ जानेवारी १९८२. कीर्ती कॉलेजात शिकलेला मन्या सुर्वे वडाळ्याला आंबेडकर कॉलेजच्या बाहेर पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मुंबईतली पहिली चकमक म्हणून ती सांगितली जाते. संप सुरू झाला १८ जानेवारीला. बरोबर सात दिवसांनी. म्हणजे गिरणगावच्या आसपास शिकलेली, टोळी बांधणारी पोरं संपाच्या आधी होती, आणि त्यांना गोळ्या घालण्याची पद्धतही संपाच्या आधी सुरू झालेली होती. संपातून गँग जन्मली हे म्हणणं पंचांगातच बसत नाही.

संपाचा इतिहास मी इथे सांगत बसणार नाही, तो तुमच्या घराघरात आहे. बोनसवरून ठिणगी पडली. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही एकच मान्यताप्राप्त युनियन, कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता. कामगार स्वतःहून घाटकोपरला डॉक्टर दत्ता सामंतांच्या दारात गेले. संप सुरू झाला तो कधी मागे घेतलाच गेला नाही. कागदोपत्री तो आजही चालू आहे, असं लोक चेष्टेने म्हणतात, आणि त्या चेष्टेत फारसं हसू नसतं. मालकांनी भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड काढून घेतलं. काही महिन्यांनी थोड्या गिरण्या थोड्या माणसांवर सुरू झाल्या. लाखाहून जास्त माणसं परत कामावर गेलीच नाहीत.

आता दुसरा मुद्दा. हा काळ काढला कुणी?

एरवी मुंबईहून कोकणात मनीऑर्डर जायची. संपात हा ओघ उलटा फिरला. गावाहून तांदूळ आला, नाचणी आली, कडधान्य आलं. ज्यांची गावी चार गुंठे जमीन होती ते गावी जाऊन राहिले, आणि म्हणूनच संप इतका लांबला. ज्यांना जमीन नव्हती, आणि त्यात दलित कामगार किती होते ते तुम्ही ओळखा, ते इथेच राहिले. त्यांनी भाजीच्या गाड्या लावल्या, रात्री वॉचमनची नोकरी धरली, गोदीत ओझी उचलली. विणकर हा कारागीर माणूस. चार-चार साचे सांभाळणारा. तो इमारतीच्या गेटवर स्टूल टाकून बसला.

पण त्याच्याही आधी घराबाहेर पडली ती बाई. खाणावळवाली घ्या. एका खोलीत आपला संसार, त्याच खोलीत वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा. सहाच्या आत पहिल्या पाळीचे डबे बांधून व्हायचे, अकराला दुसऱ्या पाळीचं पान वाढायचं, आणि संध्याकाळी पुन्हा रात्रपाळीचं. रविवारी मटण, तेही मोजून, नगाला नग. हिशोब वहीत, आणि पैसे पगाराच्या दिवशी. किराणा मात्र तिला वाण्याकडून उधारीवर, व्याजाने. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला. राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्या दारापर्यंत आणलं. आता विचार करा, संप लागल्यावर या बाईचं काय झालं? तिचे पंचवीस जेवणारे एका दिवसात बेकार. जेवायला घालायचं बंद करायचं? जो माणूस दहा वर्षं आपल्या पंगतीला बसला त्याला उठवायचं? कितीतरी जणींनी महिनोन् महिने उधारीवर वाढलं. वहीतली पानं संपली, पैसे आले नाहीत. जेवणारे गावी निघून गेले आणि वाण्याचं देणं तिच्या गळ्यात राहिलं.

तिला कुणी संपकरी म्हटलं नाही. नुकसानभरपाईच्या कुठल्याही यादीत खाणावळवालीचं नाव नाही, कारण ती गिरणीच्या हजेरीपटावर नव्हती. गिरणगावात खुनांची नोंद आहे, एफआयआर आहे, पंचनामा आहे. या उधारीची नोंद कुठे आहे?

आणि मुली. आई पोळीभाजीची ऑर्डर घ्यायला लागली, पापड लाटायला लागली, दादर-माटुंग्याला धुणीभांडी करायला जायला लागली, तेव्हा धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठ्या मुलीची शाळा सुटली. जयंत पवारांचं ‘अधांतर’ ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. त्या नाटकात धुरी कुटुंबाची एक खोली आहे आणि तीन भाऊ तीन दिशांना चाललेत. पण प्रेक्षागृहातून बाहेर पडताना आठवतात त्या घरातल्या बायका.

इथे मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. त्याच खोलीत, त्याच उपासमारीत, भाऊ आणि बहीण दोघं वाढली. बहिणीने हातात रिव्हॉल्व्हर घेतलं का? भावांपैकीही किती जणांनी घेतलं? अडीच लाख कामगारांची घरं धरा. त्यातली टोळ्यांत गेलेली पोरं मूठभर. बाकीच्यांनी पेपर टाकले, कुरिअर वाटलं, रात्रशाळेत दहावी केली, बेस्टमध्ये लागली, वडापावच्या गाड्या लावल्या. गरिबी जर गुन्हेगार घडवत असती तर लालबागमध्ये माणूस जिवंत फिरला नसता. उपासमार सगळ्यांना सारखी होती. मग काही जणांनाच हत्यार का मिळालं?

इथे तिसरा मुद्दा येतो.

गुन्हा हा धंदा आहे, आणि धंद्याला गिऱ्हाईक लागतं. पोरगा कितीही भुकेला, कितीही संतापलेला असू द्या, त्याच्या दांडगाईला कुणी दाम देणार नसेल तर तो फार तर नाक्यावर मारामारी करेल. १९८० नंतर गिरणगावात दांडगाईचा भाव अचानक वाढला. का वाढला? तिला दोन मोठी गिऱ्हाइकं मिळाली म्हणून, आणि दोन्ही गिऱ्हाइकं चाळीत राहणारी नव्हती.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे खोली खाली करून हवी असलेला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. चाळमालकाला महिन्याला जे भाडं मिळे त्यात जिन्याची एक फळीसुद्धा बदलता येत नव्हती. जागेचा भाव मात्र आकाशाला भिडत चाललेला. कायद्याने भाडेकरू निघत नाही, कोर्टात वीस वर्षं जातात. मग भाडेकरूने आपण होऊन जावं यासाठी कुणीतरी दोन पोरं जिन्यात आणून बसवायची. ती काही करत नाहीत. नुसती बसतात. तरुण सून नळावर जाते तेव्हा बसलेली असतात, म्हातारा दूध आणायला उतरतो तेव्हा बसलेली असतात. महिन्याभरात बिऱ्हाड विरारला जातं. पोलिसांत तक्रार काय द्यायची? जिन्यात बसणं हा गुन्हा नाही.

दुसरं गिऱ्हाईक त्याहून फार मोठं. गिरण्यांखालची जमीन सुमारे सहाशे एकर. मुंबई बेटाच्या ऐन पोटात! कापड विकून जे कधी मिळालं नसतं ते जमीन विकून मिळणार, हे मालकांना संपाच्या आधीपासून कळलेलं होतं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत अठ्ठावन्न क्रमांकाचा नियम आला. जुनी गिरणी पाडून नवं बांधायचं असेल तर जमिनीचे साधारण तीन वाटे करायचे: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, आणि एक मालकाला. कागदावर चांगला नियम होता. पण जमीन विकायची तर व्यवहारात मान्यताप्राप्त युनियनची सही लागे. आता लक्षात घ्या, ज्या युनियनवर कामगारांचा विश्वास नव्हता म्हणून संप झाला, तिचीच सही आता कोट्यवधींची झाली. आणि ज्या सहीला एवढी किंमत आहे ती सही करणारा हात कुणाच्या मुठीत असावा, यावर भांडणं होणारच.

भायखळ्याची खटाव मिल. तिथली जमीन विकून गिरणी बोरिवलीला न्यायची अशी योजना होती. मे १९९४ मध्ये मालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीजवळ भर रस्त्यात गाडीत गोळ्या घातल्या गेल्या. या व्यवहारामागे टोळ्यांची आपसातली चढाओढ होती असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. १६ जानेवारी १९९७ ला पवईला दत्ता सामंतांवर गोळ्या झाडल्या गेल्या. संपाला दोन दिवसांनी पंधरा वर्षं पुरी होणार होती. एक मालक, एक कामगार नेता. मारणारी पोरं कुठल्या चाळीत वाढली याचा तपास दोन्ही वेळा झाला. त्यांच्यावर पुस्तकं निघाली, सिनेमे निघाले. दगडी चाळीवर किती सिनेमे आहेत मोजा! त्या चाळीचे अरुण गवळी २००४ मध्ये चिंचपोकळीतून आमदार झाले, २०१२ मध्ये नगरसेवकाच्या खुनात त्यांना जन्मठेप झाली. हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण त्या दशकात गिरणीची कुठली जमीन कुणी कितीला घेतली हे इथे बसलेल्यांपैकी कितीजण सांगू शकतील? त्यावर सिनेमा निघत नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर गाणं बसत नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात मांडून पुढे जातो. संपाने बेकार पोरं दिली, तो माल झाला. जमिनीने गिऱ्हाईक दिलं. आपण चाळीस वर्षं मालाची चर्चा करतोय.

पुढे कायद्यानेच एवढी सोय करून दिली की गुंडाची गरजही उरली नाही. २००१ मध्ये नियम अठ्ठावन्न बदलला. तीन वाटे करायचे ते आता सगळ्या जमिनीचे नव्हेत, आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचे. गिरणीच्या आवारात शेड आणि इमारतीच जास्त, मोकळी जागा ती किती असणार? महापालिकेच्या आणि म्हाडाच्या वाट्याला चिंचोळ्या पट्ट्या उरल्या. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने याला अडवलं, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांच्या बाजूने निकाल दिला. त्याच काळात, २००५ च्या जुलैत, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबई टेक्स्टाइल मिलची सतरा एकर जागा ७०२ कोटींना विकली. खंडणीच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या कुठल्याही भाईने एवढी रक्कम एका कागदावर लिहिलेली पाहिली नसेल. मी याला गुन्हा म्हणत नाही. सगळं कायदेशीर होतं, आणि मला नेमकं तेच सांगायचं आहे. याच सुमारास टोळ्या ओसरल्या. पोलिसांच्या चकमकींमुळे ओसरल्या असं म्हणतात, आणि त्याचाही वाटा आहेच. पण गिऱ्हाइकाचं कामच संपलं होतं, हेही जमेस धरा.

माझ्या या मांडणीत न बसणारी एक घटना आहे, ती लपवून पुढे जाणं बरं नाही. ऑगस्ट २०१३. महालक्ष्मीच्या शक्ती मिलच्या ओसाड आवारात एका तरुण छायाचित्रकार पत्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. त्या गुन्ह्याला कुणी पैसे दिले नव्हते. तिथे गिऱ्हाईक नव्हतं. तिथे बाईकडे बघण्याची आपली सगळ्यांची जुनी नजर होती, आणि ती गिरण्या चालू असतानाही तीच होती. जमिनीच्या हिशोबातून त्याचं उत्तर निघत नाही, मी काढायचा प्रयत्नही करणार नाही. एवढंच म्हणेन की ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडलेली ती गिरणी तीस वर्षं कज्ज्यात पडून होती. शहराच्या मध्यावर, रेल्वे स्टेशनला लागून, भिंती फुटलेल्या, दिवा नाही, झाडी माजलेली. रोज हजारो माणसं लोकलच्या दारातून तिच्याकडे बघत जात होती.

आणि आजचं काय? कमला मिलमध्ये गच्चीवरच्या पबला २०१७ च्या डिसेंबरात आग लागली, चौदा माणसं गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, तेवीस गेली. गिरणी कामगारांच्या काळातलं स्टेशन, आणि गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांत जाणारे लोक. काचेच्या इमारती वाढल्या आणि जिना तेवढाच राहिला. या मृत्यूंना आपण गुन्हेगारी म्हणत नाही. का म्हणत नाही?

निराशेचं बोलतोय असं वाटत असेल तर एक गोष्ट सांगतो. याच गिरणगावात, याच बेकारीत, दत्ता इस्वलकर नावाचा मॉडर्न मिलमधला माणूस होता. १९८९ मध्ये बंद गिरण्यांच्या कामगारांची संघर्ष समिती झाली, तिचा कणा तेच. पुढच्या वर्षी गांधी जयंतीला त्यांनी उपोषण सुरू केलं. शांत, कमी बोलणारा, अंगात साधा शर्ट. त्यांच्याकडेही तीच पोरं येत होती, त्याच चाळींतली. ती मोर्चाला गेली, फॉर्म भरून द्यायला बसली, म्हाताऱ्या कामगारांचे गिरणीतले जुने पास शोधून पुरावे जोडून देत राहिली. गिरणीच्या जागेवर कामगाराला घर, ही मागणी त्या लढ्याची. २०१२ मध्ये म्हाडाची पहिली सोडत निघाली. अर्ज दीड लाखांहून अधिक, आणि आजवर मिळालेली घरं त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. इस्वलकर २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. त्यांच्यावर सिनेमा आहे का? चौकशी करून पाहा.

शेवटी, आपल्या डोळ्यांसमोर चाललंय त्याबद्दल बोलून थांबतो. गिरण्यांची जमीन संपली, आता चाळींची पाळी आहे. बीडीडी चाळींत एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात पाचशे फुटांचं घर मिळू लागलं आहे, वरळीला २०२५ मध्ये पहिल्या चाव्या दिल्या गेल्या. चांगलं झालं. तिथे सरकारी यंत्रणाच काम करते आहे, म्हणून निदान समोर कोण आहे ते कळतं. खासगी चाळींत, उपकरप्राप्त इमारतींत, निम्म्याहून अधिक भाडेकरूंची संमती घेऊन बिल्डर पुढे जातो. या संमतीपत्रांवर सह्या कोण गोळा करतं, हे मी गेल्या काही महिन्यांत लालबाग-परळच्या चाळींत विचारत फिरलो. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच. मंडळातलाच एक पोरगा. गणपतीत पुढे असतो, कोविडमध्ये लोकांना ऑक्सिजन सिलिंडर पोचवलेला, म्हातारीला दवाखान्यात नेणारा. त्याला नोकरी नाही, किंवा असून नसल्यासारखी. महिन्याला काहीतरी पाकीट मिळतं. तो दार वाजवतो, ‘मावशी, तुमचीच सही राहिलीय’ म्हणतो, आणि मावशी सही करते, कारण तो घरचा आहे.

तो गुंड नाही. त्याला कुणी गुंड म्हटलं तर मी भांडेन. पण उद्या एखाद्या मजल्यावर सही अडली, आणि पाकीट देणारा त्याला म्हणाला की ‘जरा समजावून सांग’, तर त्या ‘जरा’ची मर्यादा कोण ठरवणार? तुमच्या इमारतीत हे चालू असेल तर त्या पोराशी आजच बोला, आणि करारनामा वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. पाकिटावर कुणाचं नाव आहे तेही विचारा. तो सांगणार नाही. पण घरी जाऊन तो स्वतःला विचारेल.